ऑक्टोपस गोड्या पाण्यात का आला नाही

कळसा आणि भांडुरा या म्हादईच्या नाल्यांचं पाणी हुबळी-धारवाडसाठी मलप्रभा नदीत वळवायच्या योजनेचा विषय निघाला की बेळगाव-खानापूरकडे एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. थोडं पाणी वळवलं म्हणून जंगलाचं काय बिघडणार? रानातले प्राणी माणसासारखे अडून बसत नाहीत, ते वाट काढतात, जुळवून घेतात. असं म्हणणारा माणूस बहुधा वाईट हेतूने बोलत नसतो. त्याने उन्हाळ्यात तळाला गेलेल्या विहिरी पाहिलेल्या असतात. हुबळी-धारवाडच्या नळांना कित्येक दिवसांआड पाणी येतं हे त्याला ठाऊक असतं, आणि निसर्गाच्या चिवटपणावर त्याचा मनापासून विश्वास असतो. त्याच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. या विश्वासावर सार्वजनिक निर्णय उभा करायला मात्र माझा आक्षेप आहे. तो नीट मांडायचा तर जुळवून घेण्यात ज्याचा हात धरणारा प्राणी शोधून सापडणार नाही, अशाचंच उदाहरण घ्यायला हवं. तो बेळगाव जिल्ह्यात कुठेच नाही. घाट उतरून गेलं की मालवण-वेंगुर्ल्याच्या खडकाळ किनाऱ्यावर, भरती-ओहोटीच्या कपारींत तो राहतो. तो म्हणजे ऑक्टोपस.

ऑक्टोपसच्या सगळ्या हुशारीचं मूळ एका उणिवेत आहे. तो शंख-शिंपल्यांच्या कुळातला, पण त्याच्या अंगावर कवच नाही. त्याच्या पूर्वजांना ते होतं. दूरचा भाऊबंद नॉटिलस आजही शंखात राहतो. माकूळांपैकी (स्क्विड, कटलफिश) काहींनी ते अंगाच्या आत घेतलं. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन म्हणून जो पांढरा, हलका तुकडा मिळतो तो त्यांचाच. ऑक्टोपसने मात्र कवच जवळजवळ पुरतंच सोडून दिलं. त्यामुळे तो मोकळा झाला, चपळ झाला, आणि त्याच वेळी वाम, गोबरा, मुशी, डॉल्फिन अशा सगळ्यांसाठी बिनकाट्याचा घास झाला. त्याच्याकडे पुढे जे जे आलं, ते या उघडेपणावर शोधलेलं उत्तर आहे असं समजून पाहिलं की त्याचं जगणं उलगडायला लागतं.

पहिलं उत्तर म्हणजे बीळ. ऑक्टोपसच्या अंगात एकही हाड नाही. पोपटाच्या चोचीसारखी एक चोच तेवढी कठीण असते, आणि चोच ज्या फटीतून जाईल त्या फटीतून बाकीचं सगळं अंग जातं. न्यूझीलंडमधल्या नेपिअरच्या मत्स्यालयातून 2016 साली इंकी नावाचा ऑक्टोपस टाकीच्या झाकणाच्या फटीतून निसटला, जमिनीवरून सरपटत गेला आणि सांडपाण्याच्या नळीतून थेट समुद्रात पोचला, ती बातमी अनेकांनी वाचली असेल. समुद्रात तो खडकातली कपार निवडतो, आतली वाळू उपसतो, तोंडाशी दगड रचतो. दिवसातला बराच वेळ तो या घरातच असतो. खाऊन झालेल्या खेकड्यांची आणि शिंपल्यांची टरफलं दाराबाहेर पडलेली असतात, आणि संशोधक ती वेचून त्याचा आहार लिहून काढतात. जिथे खडकच नाहीत, नुसता चिखल-वाळूचा तळ आहे, तिथे इंडोनेशियातल्या एका जातीने माणसांनी टाकलेल्या नारळाच्या करवंट्या वापरायला घेतल्या. दोन अर्ध्या करवंट्या एकात एक बसवून, पोटाखाली धरून तो चालतो आणि धोका दिसला की त्या मिटून आत बसतो. 2009 साली या निरीक्षणाची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हा कणा नसलेल्या प्राण्याने पुढच्या वापरासाठी हत्यार जवळ बाळगल्याचं हे उदाहरण म्हणून त्याची जगभर चर्चा झाली.

दुसरं उत्तर कातडीत आहे. तिच्यात रंगाच्या हजारो बारीक पिशव्या असतात आणि प्रत्येकीभोवती स्नायूंचे धागे. मज्जातंतूंनी हुकूम दिला की स्नायू आखडतात, पिशवी ओढली जाऊन पसरते, रंग दिसतो. स्नायू सैल पडले की रंग ठिपक्याएवढा होतो. हे सगळं क्षणार्धात घडतं, आणि त्याबरोबर कातडीवर शेवाळासारखे उंचवटेही उठतात. विशेष म्हणजे बहुतेक ऑक्टोपसांच्या डोळ्यांत प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा एकच प्रकार असतो, म्हणजे आपल्या अर्थाने ते रंगांधळे आहेत. तरीही ते भोवतालाशी रंग मिळवतात. हे नेमकं कसं जमतं यावर अजून एकमत झालेलं नाही.

तिसरं उत्तर बुद्धीचं. त्याच्या शरीरात सुमारे 50 कोटी मज्जापेशी असतात आणि त्यांतल्या दोन-तृतीयांशाच्या आसपास मेंदूत नसून आठ हातांत पसरलेल्या असतात. प्रत्येक हात बऱ्याच अंशी स्वतःच चाचपडतो, चव घेतो, पकडतो. हातांवरच्या चोषकांना स्पर्शातून चव कळते. त्यामागचे खास ग्राहक रेणू हार्वर्डच्या संशोधकांनी 2020 साली दाखवून दिले. दगडाच्या खाली हात घातला की तिथे लपलेला खेकडा आहे की नुसता दगड, हे हातालाच समजतं. आणि हे सगळं शहाणपण एकट्याचं. आई पिल्लांना काही शिकवत नाही, कारण पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती मरणाच्या दारात असते. बहुतेक जाती एक-दोन वर्षंच जगतात. जे शिकायचं ते प्रत्येकाने मुळापासून शिकायचं, आणि ते त्याच्याबरोबरच संपतं. चार माणसं निसर्गाच्या लवचिकपणाबद्दल बोलतात तेव्हा हा मुद्दा त्यांच्या ध्यानात नसतो. एका जीवाने प्रसंग निभावून नेला, एवढ्याने त्याचा वंश निभावून गेला असं होत नाही.

शरीराच्या आतही तो असाच बदलतो. 2023 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे ऑक्टोपस गार आणि उबदार अशा दोन टाक्यांत ठेवून पाहिले. गार पाण्यातल्यांच्या मज्जापेशींत आरएनएचा, म्हणजे जनुकांवरून उतरवलेल्या निरोपाचा, मजकूर हजारो ठिकाणी बदलला गेलेला आढळला. म्हणजे जनुकं तीच, पण त्यांच्यावरून बनणारी प्रथिनं वेगळी, थंडीत चालतील अशी. हा बदल काही दिवसांत होतो. अशी सोय एवढ्या मोठ्या प्रमाणावर असलेले प्राणी फारच थोडे.

एवढं सगळं असलेला हा प्राणी. त्याच्या सुमारे 300 जाती आहेत. विषुववृत्तावरच्या प्रवाळांपासून अंटार्क्टिकाच्या बर्फाखालपर्यंत, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या डबक्यांपासून कित्येक हजार मीटर खोल अंधारापर्यंत तो पसरला आहे. डायनासोर आले आणि गेले, खंड फुटले आणि सरकले, त्या सगळ्यातून त्याचं कूळ तरलं. पण जगातल्या एकाही नदीत, एकाही तळ्यात, एकाही ओढ्यात ऑक्टोपस नाही. एकही नाही. नद्या काही त्याच्यापासून लपलेल्या नव्हत्या. प्रत्येक नदीचं मुख समुद्रालाच उघडतं, आणि आत खेकडे, मासे, शिंपले असं त्याचं सगळं आवडीचं खाणं भरलेलं होतं.

कारण साधं आहे. ऑक्टोपसच्या रक्तातल्या क्षारांचं प्रमाण भोवतालच्या समुद्राइतकंच असतं, आणि भोवतालचं बदललं की तेही बदलतं. पाण्यातलं मीठ उतरलं की पाणी अंगात शिरायला लागतं. जादा पाणी बाहेर काढून मीठ राखून ठेवणारी यंत्रणा, जी गोड्या पाण्यातल्या माशांकडे असते, ती त्याच्याकडे नाही. त्याच्या चुलत घराण्यात, माकूळांत, एखाद्या अमेरिकी जातीला मचूळ पाणी सोसतं. त्यापुढे कुणी गेलेलं नाही. भर त्याच्या रक्ताची. त्यात तांबं असलेलं निळं रक्तद्रव्य प्राणवायू वाहतं. ते गार पाण्यात बरं काम करतं, पण एकंदरीत आपल्या तांबड्या रक्तापेक्षा कमी ओझं उचलतं. म्हणूनच त्याला तीन हृदयं आहेत: दोन कल्ल्यांतून रक्त ढकलणारी आणि एक उरलेल्या शरीरासाठी. पोहताना हे तिसरं हृदय थांबतं, त्यामुळे तो लवकर दमतो आणि शक्यतो तळावरून चालणंच पसंत करतो. ज्या रचनेने त्याला समुद्र दिला, तिनेच त्याला नदी नाकारली. बुद्धी कितीही असो, बुद्धीने मीठ तयार होत नाही.

इथे मला कणकुंबीचा डोंगर आठवतो. त्या टापूत पडणारा पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला निघते, सौंदत्तीजवळच्या नवीलतीर्थ धरणात थांबते, पुढे कूडलसंगमाला कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराकडे जाते. तिथून जवळच भीमगडच्या रानातून निघणारी म्हादई पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्रात शिरते. कळसा आणि भांडुरा हे या म्हादईचे नाले. त्यांचं पाणी मलप्रभेकडे वळवायची योजना 1989 पासूनची आहे. म्हादई लवादाने ऑगस्ट 2018 मध्ये निवाडा दिला, त्यात कर्नाटकाच्या वाट्याला एकूण 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आलं. त्यातलं कळशाचं 1.72 आणि भांडुराचं 2.18 टीएमसी पाणी मलप्रभेत वळवायचं आहे. निवाडा 2020 साली राजपत्रात आला, तरी वाद सर्वोच्च न्यायालयात चालूच आहे.

आता कुणी म्हणेल, गोडं पाणी कमी झालं तर ऑक्टोपसला बरंच की! खरं आहे, ऑक्टोपसला कळशाच्या पाण्याची गरज नाही. मी त्याला साक्षीला बोलावलं आहे ते वेगळ्या कारणासाठी. सगळ्यांत जास्त जुळवून घेणारा प्राणीसुद्धा कोट्यवधी वर्षांत पणजीच्या खाडीतून वर सरकून कणकुंबीपर्यंत आला नाही, तर ‘प्राणी जुळवून घेतात’ हे विधान सरसकट करता येत नाही. प्रत्येक वेळी विचारायला हवं की कोणता प्राणी, कशाशी, किती वेळात, आणि त्याच्या आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर. हे चार प्रश्न न विचारता केलेलं ते विधान म्हणजे नुसती आशा आहे. आशेवर कालवा खणू नये.

आणि हो, समुद्रातून ओढ्यात आलेले प्राणीही आहेत. आपल्या पावसाळ्यातले खेकडे. खानापूरच्या खेड्यांत आषाढात कुर्ल्या धरायला कंदील-बॅटरी घेऊन जाणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको की मादीच्या पोटाखालचा पडदा उघडला तर कधीकधी आत बारीक बारीक पिल्लं दिसतात. आकाराने दाण्याएवढी, पण खेकड्याचा पूर्ण घाट असलेली. समुद्री खेकड्यांचं असं नसतं. त्यांची अंडी फुटली की सूक्ष्म अळ्या निघतात, त्या पाण्यावर वाहत राहतात, अनेक रूपं पालटतात आणि मग खेकडा होतात. वाहत्या ओढ्यात अशी अळी टिकली नसती. पहिल्याच पुराने ती समुद्रात नेऊन टाकली असती. म्हणून गोड्या पाण्यात शिरलेल्या खेकड्यांच्या वंशात बालपणच बदललं. अळी अवस्था अंड्यातच उरकते, अंडी संख्येने थोडी आणि मोठी, आणि पिल्लं काही दिवस आईच्या पोटाशी. हे घडायला लाखो वर्षं लागली असतील. जुळवून घेणं म्हणतात ते हे. त्याचा काळ पिढ्यांच्या पिढ्यांचा असतो, ठेक्याच्या मुदतीचा नसतो.

खेकड्याच्या या गोष्टीत एक सूत्र आहे, आणि ऑक्टोपसकडे परत गेलं की ते आणखी ठळक होतं: खरी कसोटी मोठ्या प्राण्याची नसते, अंड्या-पिल्लांची असते.

ऑक्टोपसची मादी आयुष्यात बहुधा एकदाच अंडी घालते. साध्या ऑक्टोपसची अंडी लाखाच्या घरात असतात. बिळाच्या छताला ती माळांसारखी टांगते, आणि मग खाणं सोडते. रात्रंदिवस नळीतून पाण्याचा झोत मारून अंड्यांना ताजं पाणी देते, चोषकांनी त्यांच्यावरचा कचरा पुसते, जवळ येणाऱ्याला हुसकावते. पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती झिजून गेलेली असते आणि लवकरच मरते. उथळ, कोमट पाण्यात हे काही आठवड्यांचं काम. पण कॅलिफोर्नियाजवळच्या माँटेरे दरीत, सुमारे 1,400 मीटर खोलीवर, संशोधकांना 2007 साली एक मादी अंड्यांवर बसलेली दिसली. ते पाणबुडी यंत्र घेऊन पुन्हापुन्हा तिथे गेले. ती त्याच कड्यावर, त्याच अंड्यांवर होती. 53 महिने. 2011 साली गेले तेव्हा ती नव्हती, फुटलेल्या अंड्यांची टरफलं होती. प्राणिजगतात अंडी राखण्याचा याहून मोठा कालावधी नोंदलेला नाही. त्याच भागातल्या डेव्हिडसन सागरी डोंगरापाशी 2018 साली हजारो ऑक्टोपस माद्या एकत्र सापडल्या, 3,200 मीटर खोल. भोवतालचं पाणी 1.6 अंश, पण त्या बसल्या होत्या तिथे तळातून कोमट पाणी झिरपतं, दहा अंशांच्या आसपास. त्या उबेमुळे पिल्लं दोन वर्षांच्या आतच बाहेर पडतात. अवघ्या महासागरात त्यांना नेमकी ती झिरप हवी असते.

आणि उष्णतेचं काय? प्रौढ ऑक्टोपस आरएनए बदलून गारवा निभावतो हे वर आलंच. पण 2023 सालीच ऑस्ट्रेलियात झालेल्या एका अभ्यासात, या शतकाच्या अखेरीस अपेक्षित असलेल्या तापमानात अंडी आणि त्यांच्या आया ठेवल्या, तर आया लवकर दगावल्या, पिल्लं कमी निघाली, आणि जी वाढत होती त्यांच्या डोळ्यांना लागणारी प्रथिनं घटलेली आढळली. डोळ्यांवर जगणाऱ्या प्राण्याची ही गत. मोठा ऑक्टोपस टाकीत धडधाकट दिसतो म्हणून समाधान मानणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

माझ्या म्हणण्याविरुद्ध एक भक्कम पुरावा आहे, तो मला टाळायचा नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात 1953 ते 2013 या काळातल्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि ऑक्टोपस, माकूळ व त्यांच्या भाईबंदांची संख्या जगभर वाढल्याचं दिसलं. माणसाने समुद्र तापवला, ढवळला, उपसला, तरी हे वाढले! मग जुळवून घेतात हे खरंच नाही का? अर्धं खरं आहे. एक शक्यता अशी की ज्या मोठ्या माशांनी त्यांना खायचं, ते आपण जाळ्यांनी काढून घेतले. दुसरी अशी की भराभर वाढून भराभर मरणाऱ्या प्राण्यांना ढासळत्या जगात तात्पुरता फायदा होतो. दोन्ही खऱ्या असल्या तरी अर्थ एवढाच निघतो की विस्कटलेल्या समुद्रात कुणाचा तरी नंबर लागतो. ज्यांच्या जागी तो लागला ते कुठे गेले, हा प्रश्न उरतोच. घाटातही हेच होतं. रान विरळ केलं की कावळे वाढतात, माकडं आणि डुकरं शेतात उतरतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं प्राणी तर भरपूर आहेत. संख्या असते, पण ती ज्यांना कुठेही चालतं त्यांची. ज्यांना एकच गुहा, एकच ओढा, एकाच कुजलेल्या पानांची ओल लागते, ते कमी होताना आवाज होत नाही.

खानापूर तालुक्यात असे जीव आहेत. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतलं, रॉटन यांच्या नावाने ओळखलं जाणारं मोठ्या कानांचं वटवाघूळ 1913 साली शास्त्राला माहीत झालं, आणि विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत जगात त्याचं हे एकच ठिकाण ठाऊक होतं. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियात सापडलं, तरी त्याची दुर्मिळता संपलेली नाही. 2011 साली भीमगड अभयारण्य जाहीर झालं त्यामागे या वटवाघळाचं मोल होतंच. म्हादईच्या नावाचं एक देवगांडूळ 2007 साली शास्त्राला नव्याने कळलं. हात नाहीत, पाय नाहीत, मातीच्या ओलीत राहणारा बेडकांचा हा नातलग, ज्याला खेड्यात साप समजून मारतात. इतक्या उशिरा त्याचं नाव पडलं, यावरून आपण या डोंगराला किती ओळखतो ते कळतं. ज्याचं नाव कालपरवा पडलं, तो जुळवून घेईल हे आपण कशाच्या आधारावर सांगतो?

जुळवून घेण्याचा हा दाखला माणूस आपल्या सोयीने कसा वापरतो, याचं ऑक्टोपसबाबतच एक ताजं उदाहरण आहे. स्पेनमधल्या एका कंपनीने कॅनरी बेटांवर वर्षाला 3,000 टन, म्हणजे सुमारे दहा लाख ऑक्टोपस टाक्यांत वाढवायची योजना आखली. एकटं राहणारा, बीळ करणारा, संधी मिळाली तर आपल्याच जातीला खाणारा प्राणी, आणि त्याला दाटीत ठेवायचं, कारण टाकीत तो जगतो आणि वजन धरतो. मला ही कल्पनाच क्रूर वाटते. ब्रिटनने 2022 च्या कायद्यात ऑक्टोपस आणि खेकड्यांना संवेदना असणारे प्राणी म्हणून मान्यता दिली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी 2024 साली ऑक्टोपसच्या शेतीवर बंदी घातली. भारतातून ऑक्टोपस आणि माकूळ निर्यात होतात, तेव्हा ही कल्पना आपल्या किनाऱ्यावर यायला वेळ लागणार नाही. ती यायच्या आधीच दार बंद केलेलं बरं.

सीमाभागातल्या मराठी माणसाला यातलं मर्म चटकन कळावा. 1956 पासून त्याला जुळवून घ्यायला सांगितलं जात आहे, आणि तो घेतही आला. कचेरीत कन्नड, घरात मराठी, बाजारात दोन्ही. पण त्याच्या या निभावून नेण्यालाच कुणी त्याचं काही बिघडलं नसल्याचा पुरावा मानलं, तर तो ते मान्य करणार नाही. मग जे आपण स्वतःच्या बाबतीत मान्य करत नाही, ते बोलू न शकणाऱ्यांच्या बाबतीत का करावं?

याचा अर्थ हुबळी-धारवाडने तहानलेलं राहावं असा नाही. पिण्याच्या पाण्याचा हक्क मी कुणाचाही नाकारत नाही. पण आधी हे पाहावं की मलप्रभेच्या खोऱ्यात आज जे पाणी आहे त्यातलं किती उसाला जातं आणि किती जुन्या नळांतून गळतं, आणि ते वाचवून शहराला किती मिळू शकेल. या हिशेबात गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांपैकी कुणाचीच बाजू घ्यायचं मला कारण नाही. तिन्हीकडे चर्चा टीएमसीच्या आकड्यावर येऊन थांबते. टीएमसीचा हा आकडा वर्षाच्या एकूण पाण्याचा असतो. ओढ्यात राहणाऱ्या जीवाला वर्षाची बेरीज उपयोगाची नाही. त्याला जूनचा पहिला लोंढा कधी येतो आणि एप्रिलमध्ये डोहात किती उरतं याच्याशी काम असतं. पावसाळ्यातलं जादाचं पाणीच वळवू असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की घाटातल्या बहुतेक बेडकांची, खेकड्यांची वीण त्याच पावसाळ्यावर बेतलेली आहे. तुम्हाला जे जादा वाटतं ते त्यांचं बाळंतपण असतं.

म्हणून मागणी अशी आहे. कळसा, भांडुरा आणि त्यांना मिळणाऱ्या लहान ओहोळांची पुरत्या वर्षाची पाहणी व्हावी. तिन्ही ऋतूंत, दिवसा आणि रात्रीही, कारण यांतले बरेच जीव रात्रीच बाहेर पडतात. कोणता प्राणी दिसला एवढी यादी पुरणार नाही. तो कुठे वीण करतो, कधी करतो, तेव्हा पाण्याची पातळी आणि गारवा किती असतो, हे लिहिलं जावं. कणकुंबी, पारवाड, आमगाव, चिगुळे, हेमाडगा इथल्या ज्या माणसांनी जन्मभर या ओढ्यांतून खेकडे आणि मासे धरले, त्यांना पाहणीत मजूर म्हणून नव्हे तर जाणकार म्हणून घ्यावं, मानधन द्यावं, अहवालात त्यांची नावं यावीत. बेळगाव-खानापूरच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलांना या कामाला लावावं. फॉर्मलिनच्या बाटलीतला ऑक्टोपस पाहून परीक्षा देण्यापेक्षा ती अधिक शिकतील. अहवाल कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत निघावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवला जावा. आणि तो वाचून होईपर्यंत जेसीबी नाल्यात उतरू नये. पाहणीतून असं निघालं की अमुक महिन्यांत, अमुक पातळीच्या वर पाणी घेतलं तर विणीला धक्का लागत नाही, तर तेवढं खुशाल घ्यावं. तसं निघालं नाही, तर हुबळी-धारवाडसाठी दुसरी सोय शोधण्याची जबाबदारी सरकारची. ती कणकुंबीच्या खेकड्यावर टाकता येणार नाही.